अप्पासाहेब पंत : औंधचे राजपुत्र, भारताचे राजदूत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अप्पासाहेब पंत म्हणजे नेमके कोण?

औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. जन्म १९१२, निधन १९९२. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले, गांधीजींच्या नादाने खेड्यात रमले आणि १९४८ पासून १९७५ पर्यंत नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम इथे भारताचे प्रतिनिधी होते. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नाव ‘अपा बी. पंत’ असं येतं. त्यामुळे शोधताना बऱ्याच जणांची चुकामूक होते.

औंध म्हणजे पुण्यातलं औंध का?

नाही. हे औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झालं आणि पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरागत राहिलं. त्या घराण्याचं हे संस्थान. आकाराने लहानच, ७२ गावं आणि जेमतेम पाऊण लाख वस्ती. तीही सलग नाही. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे, मध्ये इंग्रजांचा नाहीतर दुसऱ्या संस्थानिकाचा मुलूख.

गोविंद वल्लभ पंतांशी काही नातं?

नाही. ते कुमाऊंचे, हे साताऱ्याकडचे. दोघेही नेहरूंच्या काळातले, म्हणून घोटाळा होतो.

राजघराण्यातला माणूस परराष्ट्र सेवेत कसा आला? परीक्षा दिली होती का?

परीक्षा वगैरे काही नाही. १९४७ नंतर एकाएकी जगभर वकिलाती उघडायच्या होत्या आणि हाताशी अनुभवी माणसं मोजकी होती. आयसीएसमधले काही अधिकारी होते, बाकीची माणसं नेहरूंनी इकडून तिकडून निवडली. कुणी प्राध्यापक, कुणी काँग्रेसचे कार्यकर्ते, कुणी संस्थानांतले कारभारी. चीनला गेलेले सरदार पणिक्कर बिकानेरचे पंतप्रधान होते. अप्पासाहेबांनीही औंधचे पंतप्रधान म्हणून काम पाहिलं होतं. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना नैरोबीला पाठवलं. वय अवघं छत्तीस.

‘औंधचा प्रयोग’ म्हणजे काय? त्याचा त्यांच्या पुढच्या कामाशी काय संबंध?

माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अप्पासाहेब विलायतेहून परतले तेव्हा संस्थानांत प्रजापरिषदांच्या चळवळी जोरात होत्या. बहुतेक राजे लोकांना लाठीने आवरत होते. औंधच्या राजाने नोव्हेंबर १९३८ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं. या कामात अप्पासाहेबांच्या बरोबरीने होते मॉरिस फ्रीडमन, वॉर्सॉचे पोलिश ज्यू इंजिनिअर. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करता करता त्यांनी भगवी वस्त्रं घेतली आणि ते भारतानंद झाले. गांधीजींना आवडलेलं ‘धनुष तकली’ हे सूत कातायचं साधन यांचंच. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली तेही हेच.

राज्यघटनेचा मसुदा घेऊन मंडळी सेवाग्रामला गेली. गांधीजींनी त्यात जातीने लक्ष घातलं. जानेवारी १९३९ मध्ये कायदा झाला. पाया गावाचा : प्रौढ गावकऱ्यांनी पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याची समिती आणि तिथून वर विधिमंडळ. मतदाराला लिहितावाचता यायला हवं हा गांधीजींचा आग्रह होता. त्यावर वाद घालायला जागा आहे, पण त्यामुळे प्रौढ साक्षरतेच्या कामाला जोर आला हेही खरं.

विचार करा, ऑक्सफर्डचा पदवीधर राजपुत्र आटपाडीच्या दुष्काळी माळावर झाडाखाली घोंगडीवर बसलाय आणि समोर गावकरी विहिरीवरून, बांधावरून, शाळेच्या भिंतीवरून तासन्‌तास भांडताहेत. त्यात हुकूम सोडायचा नाही, नुसतं ऐकायचं आणि माणसं एकमतावर येईपर्यंत थांबायचं. पुढे नैरोबीत आणि गंगटोकमध्ये त्यांनी वेगळं काय केलं? आधी माणसांशी घरोबा, मग राजकारण. ही पद्धत आटपाडीच्या माळावरची.

‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा औंधवर आहे असं म्हणतात. खरं का?

हो, त्याची प्रेरणा तिथलीच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढून फ्रीडमन आणि मंडळींनी गुन्हेगारांना भिंतीविना ठेवण्याचा प्रयोग केला. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडी भागातले आणि औंधच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांना ही गोष्ट ऐकीव नव्हती. व्ही. शांताराम यांचा सिनेमा १९५७ चा.

नैरोबीत ते ‘हाय कमिशनर’ का नव्हते?

कारण केनिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. स्वतंत्र देश नसेल तर तिथे राजदूत किंवा उच्चायुक्त नेमत नाहीत. म्हणून पद नुसतं ‘कमिशनर’चं. कार्यक्षेत्र मात्र अफाट : केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग), झांझिबार, आणि पुढे मध्य आफ्रिकेतले मुलूखही. पदाचं हे लहानपण लक्षात ठेवा. ब्रिटिश गव्हर्नरच्या नजरेत हा माणूस भारतीय व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला आला होता, त्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं.

मग त्यांनी असं काय केलं की ब्रिटिश इतके चिडले?

पहिली गोष्ट अगदी साधी. आफ्रिकी माणसांना घरी जेवायला बोलावलं.

आज यात काही वाटणार नाही. १९४८ चं नैरोबी डोळ्यांपुढे आणा. गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, हिंदी म्हणजे भारतीय लोकांच्या वेगळ्या, आफ्रिकींच्या तर शहराच्या कडेला. उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव, तिथे हिंदी माणसालाही शेत घेता येत नव्हतं. हॉटेलं, शाळा, दवाखाने सगळं कातडीच्या रंगाप्रमाणे. हिंदी समाज मध्ये लोंबकळत होता, वरच्याने ढकललं की खालच्याला ढकलायचं. अशा शहरात भारत सरकारच्या प्रतिनिधीच्या बंगल्यावर किकुयू या आफ्रिकी जमातीचे पुढारी येतात, पंतांच्या कुटुंबाबरोबर एका टेबलावर बसतात, डाळभात खातात. मबियू कोइनांगे, त्यांचे वडील सीनिअर चीफ कोइनांगे, पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा ही मंडळी त्यांच्या परिचयातली. गव्हर्नरच्या कचेरीत त्याची नोंद होत होती, हे सांगायला नको.

दुसरं काम शिष्यवृत्त्यांचं. आफ्रिकी तरुणांना भारतात शिकायला पाठवायची योजना त्यांनी नेटाने चालवली. पूर्व आफ्रिकेत उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती, त्यामुळे भारतात मिळणाऱ्या जागेचं मोल फार.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात अवघड : आपल्याच लोकांना कडू बोल ऐकवणं. नेहरूंचं धोरण स्पष्ट होतं, आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनी आफ्रिकींच्या हिताआड येणाऱ्या सवलती मागू नयेत. दिल्लीत बसून हे म्हणणं सोपं. नैरोबीच्या बाजारात पिढीजात दुकान चालवणाऱ्या गुजराती किंवा पंजाबी माणसाच्या ओट्यावर बसून ते सांगायचं, तर जीभ गोड आणि कातडी जाड लागते. अनेकांना ते रुचलं नाही. ‘आमच्या वाट्याचं बोलायला आलेला माणूस आम्हालाच शहाणपण शिकवतो,’ ही कुरकुर होतीच.

केन्याटांच्या खटल्यात त्यांचा हात होता का?

२० ऑक्टोबर १९५२ ला केनियात आणीबाणी जाहीर झाली आणि ब्रिटिशांविरुद्धच्या माऊमाऊ बंडाचे सूत्रधार म्हणून केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पकडलं. खटला दूर कापेनगुरिया या आडगावी चालवला. बचावाला लंडनहून डी. एन. प्रिट आले आणि नेहरूंनी भारतातून दिवाण चमनलाल यांना पाठवलं. स्थानिक वकिलांत ए. आर. कपिला, जसवंत सिंग आणि गोमंतकीय वंशाचे तरुण फिट्झ डिसूझा होते. भारताची मदत उघड होती आणि नैरोबीत भारताचा चेहरा म्हणजे पंत. गोऱ्या वसाहतवाल्यांना तेवढं पुरेसं होतं. त्यांची वर्तमानपत्रं आणि पुढारी हा कमिशनर बंडाला फूस लावतो म्हणून ओरडू लागले. नेहरूंनी आफ्रिकी आकांक्षांना पाठिंबा देताना हिंसाचाराचा निषेधही केला होता, पण त्या धामधुमीत ते ऐकायला कुणाला उसंत नव्हती.

याच दिवसांत जोसेफ मुरुंबी केनियातून निसटून भारतात आले. वडील गोव्याचे झुझार्ते, आई मासाई जमातीची, शिक्षण दक्षिण भारतात. पुढे लंडनला जाऊन त्यांनी केन्याटांच्या सुटकेसाठी रान उठवलं आणि १९६६ मध्ये काही काळ ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. गोमंतकीयांपैकी आणखी एक नाव म्हणजे पिओ गामा पिंटो. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला गोव्याचा हा वाटा आपल्याकडे फारसा शिकवला जात नाही.

त्यांना नैरोबीतून हाकललं का?

औपचारिक हकालपट्टी नाही झाली. ब्रिटिशांनी दिल्लीकडे तक्रारींचा लकडा लावला, त्यांना परत बोलवा म्हणून दबाव आणला आणि १९५४ मध्ये ते परतले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मश्री दिली. नेहरूंना काय म्हणायचं होतं ते लंडनला कळलं असावं.

नैरोबीत त्यांच्या कामाची काही खूण आहे का?

नैरोबी विद्यापीठ. गांधीजींच्या हत्येनंतर पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनी गांधी स्मारक म्हणून सर्व वंशांसाठी खुलं कॉलेज काढायला वर्गणी जमवली. त्यामागे अप्पासाहेबांचा मोठा रेटा होता. पुढे ही योजना सरकारच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात सामील झाली आणि त्या कॉलेजचंच यथावकाश विद्यापीठ झालं. तिथला गांधीजींचा पुतळा १९५६ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांनी अनावरण केलेला.

गंगटोकचे ‘पोलिटिकल ऑफिसर’ म्हणजे कोणतं पद?

इंग्रजांच्या काळातलं, दिसायला लहान आणि करायला भलं मोठं. सिक्कीम तेव्हा १९५० च्या करारानुसार भारताच्या संरक्षणाखालचं राज्य होतं, भूतानशी संबंध १९४९ च्या कराराने ठरलेले. दोन्हीकडचा व्यवहार गंगटोकच्या रेसिडेन्सीतून चाले. शिवाय तिबेटातली भारताची ल्हासाची वकिलात आणि व्यापारी ठाणीही याच माणसाच्या देखरेखीखाली. अप्पासाहेब १९५५ ते १९६१ तिथे होते. म्हणजे तिबेट चीनच्या मुठीत जात होतं नेमकी ती वर्षं.

दलाई लामांशी त्यांचा संबंध काय होता?

१९५६ मध्ये बुद्ध जयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त दलाई लामा भारतात आले, त्या भेटीच्या घडामोडींत अप्पासाहेब केंद्रस्थानी होते. परत ल्हासाला जावं की भारतातच राहावं, असा पेच तेव्हा तरुण दलाई लामांपुढे होता. नेहरूंनी परत जायचा सल्ला दिला. अप्पासाहेबांचा ओढा तिबेटी लोकांकडे होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही, पण धोरण दिल्लीचं आणि नोकरी त्यांची. १९५७ मध्ये ते स्वतः ल्हासाला जाऊन आले. गंगटोकच्या नामग्याल तिबेट अध्ययन संस्थेची पायाभरणी दलाई लामांच्या हस्ते फेब्रुवारी १९५७ ची, उद्‌घाटन नेहरूंच्या हस्ते ऑक्टोबर १९५८ चं. तिच्या उभारणीलाही अप्पासाहेबांचा हातभार लागला.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा निसटले ते सिक्कीममार्गे नव्हे, तवांगमार्गे. गंगटोकहून अप्पासाहेबांनी त्यांना पळवून आणलं, अशी एक आख्यायिका फिरते. तिच्यात तथ्य नाही.

नेहरू भूतानला घोड्यावरून गेले होते ते यांच्याबरोबरच का?

होय, सप्टेंबर १९५८. भूतानला तेव्हा मोटाररस्ता नव्हता. जायची सोयीची वाट गंगटोकहून नथु ला ओलांडून, म्हणजे तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून. आधी नेहरूंना ल्हासाचं निमंत्रण होतं, चीनने ती भेट होऊ दिली नाही. मग भूतान तरी, असं ठरलं.

सत्तरीला आलेला पंतप्रधान, बरोबर मुलगी इंदिरा, वाटाडे, खेचरं, तट्टं. चौदा हजार फुटांवरची खिंड, पलीकडे यातुंगला चिनी अधिकाऱ्यांचं स्वागत, मग पुन्हा चढण आणि पारोला राजे जिग्मे दोरजी वांगचुक. कुठे मुक्काम, कुठे घोडं बदलायचं, कुणाच्या हाती खादा (मानाचं तिबेटी वस्त्र), कुणाशी किती बोलायचं, ही सगळी व्यवस्था पोलिटिकल ऑफिसरच्या माथी. विमानतळावर हार घालून मोकळं होण्यासारखी ही भेट नव्हती. कित्येक दिवस त्याच पायवाटेवर पंतप्रधानांबरोबर चालायचं, आणि दमल्यावर माणूस मनातलं बोलतो. नेहरूंशी अप्पासाहेबांचं जे मोकळेपणाचं नातं होतं त्यात या वाटेचा वाटा मोठा. काही वर्षांतच भारताने फुन्त्शोलिंग ते थिंपू रस्ता बांधला आणि असा प्रवास पुन्हा करायची कुणावर वेळ आली नाही.

१९६२ मध्ये जकार्तात भारतीय वकिलातीवर हल्ला झाला तेव्हा राजदूत तेच होते?

तेच. जकार्तात चौथे आशियाई खेळ भरले होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई खेळांच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जी. डी. सोंधींनी आक्षेप घेतला, की असं असेल तर यांना आशियाई खेळ म्हणता येणार नाही. सोंधी खेळ महासंघाचे पदाधिकारी म्हणून बोलत होते. इंडोनेशियात अर्थ लागला तो ‘भारत आपला अपमान करतोय’ असा. ३ सप्टेंबरला जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला, आत घुसून मोडतोड झाली.

दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. खचाखच भरलेलं सेनायन स्टेडियम भारताच्या राष्ट्रगीताला हुर्यो उडवत होतं. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग पुढच्या फळीत खेळला. पी. के. बॅनर्जींचा एक गोल, जर्नेलचा एक, सामना २-१. भारताला सुवर्णपदक! गॅलरीत आपल्या बाजूने ओरडणारे म्हणून खेळाडूंच्या आठवणींत पाकिस्तानचे हॉकीपटू येतात.

मैदानावर जिंकलो, राजकारणात हरलो. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो होते. बारा वर्षांत मैत्री या थराला आली आणि महिन्या-दीड महिन्यात चीनशी युद्ध पेटलं तेव्हा जकार्ताकडून भरघोस पाठिंब्याची आशा उरली नव्हती. यात राजदूताचा दोष किती? थोडा असेलही. अप्पासाहेबांची ताकद माणसं जोडण्यात होती आणि सुकार्नोंच्या दरबारात जोडलेली माणसं वारं फिरलं की तोंड फिरवत. औंधची पद्धत जिथे समोरचा दुबळा आणि मैत्रीला आसुसलेला असतो तिथे उत्तम चालते. सत्तेच्या नशेत असलेल्या माणसापुढे ती लंगडी पडते, असं मला वाटतं.

ऑस्लो आणि कैरो?

नॉर्वेची दोन वर्षं शांततेची, सांगण्यासारखं थोडं. कैरोला ते १९६६ ते १९६९ होते, म्हणजे जून १९६७ चं अरब-इस्रायल युद्ध त्यांच्या डोळ्यांदेखत. सहा दिवसांत सिनाई गेलं, सुएझ कालवा बंद पडला आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांची उमेद खचली. भारत इजिप्तच्या बाजूने ठाम उभा राहिला. त्यावर देशात टीकाही बरीच झाली.

लंडनचा काळ कसा गेला?

१९६९ ते १९७२. मुख्य प्रकरण बांगलादेशाचं. १९७१ मध्ये निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते आणि जगाचं मन वळवायला लंडन हे मोक्याचं ठिकाण होतं. ८ जानेवारी १९७२ ला पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले बांगलादेशाचे नेते शेख मुजीब अचानक लंडनला उतरले. क्लॅरिजेस हॉटेलात त्यांना भेटायला गेलेल्यांत उच्चायुक्त पंत होते. तिथून मुजीब ब्रिटिश हवाई दलाच्या विमानाने आधी दिल्लीला आणि मग ढाक्याला गेले.

आणि कारकीर्द संपता संपता एक जुनी ओळख समोर आली. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून फर्मावलं. ज्या लोकांना अप्पासाहेब पंचवीस वर्षांपूर्वी ‘इथल्या माणसांशी जोडून घ्या’ म्हणून सांगत होते, त्यांचीच मुलंबाळं बाडबिस्तरा घेऊन ब्रिटनच्या वाटेला लागली. त्यांचं ऐकलं असतं तर हे टळलं असतं का? मला नाही वाटत. अमीनला कुणाच्या जेवणावळींचा हिशेब ठेवायचा नव्हता.

त्यानंतर १९७५ पर्यंत रोम, मग निवृत्ती.

सूर्यनमस्कारांचा प्रसार यांनी केला की यांच्या वडिलांनी?

दोघांनी. आज घरोघर घातले जाणारे सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून रुजवण्यात बाळासाहेबांचा वाटा सगळ्यात मोठा. औंधच्या शाळांत ते सक्तीचे होते आणि राजा स्वतः रोज घाली. अप्पासाहेबांनी तेच व्रत परदेशात नेलं आणि त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

अंटार्क्टिकाला गेलेल्या अदिती पंत या त्यांच्याच कोण?

मुलगी. १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत या दोघी होत्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. अप्पासाहेबांच्या पत्नी नलिनीबाई स्वतः डॉक्टर होत्या.

त्यांच्याबद्दल वाचायला कुठून सुरुवात करू?

त्यांनी आठवणी इंग्रजीत लिहिल्या. वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर १९८९ मध्ये आलेलं ‘अ‍ॅन अनयुज्वल राजा’ आधी घ्या. त्यांचं लिखाण अघळपघळ आहे, मध्येच अध्यात्मात शिरतं आणि तारखा शोधणाऱ्याची निराशा करतं. पण माणसांची वर्णनं झकास.

औंधला गेलं तर काय बघता येईल?

डोंगरावर यमाईचं मूळपीठ आणि वाटेत बाळासाहेबांनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय. राजा रविवर्म्यांची चित्रं, खुद्द बाळासाहेबांची चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प, तेही खटाव तालुक्यात! संग्रहालय नीट बघायचं तर अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि सुटीचा वार आधी विचारून घ्या.